मधाची पेटी घेताय? आधी माशी ओळखा!

मधाची बाटली नाही असे घर आपल्याकडे विरळाच. खोकला झाला की आल्याच्या रसात मध, पूजा आली की पंचामृतात मध, आणि आजकाल वजनाच्या धास्तीने सकाळी कोमट पाण्यातही मध. मग कधीतरी एखाद्या प्रदर्शनात सुबक लाकडी पेटी मांडलेली दिसते. विकणारा सांगतो, "ताई, गच्चीत ठेवा आणि घरचा मध खा. बाकी काही बघायला नको!" आपण हरखून जातो. घरखर्चातून बाजूला टाकलेले चार पैसे पेटीत जातात. आणि चार महिन्यांनी? माश्या उडून गेलेल्या, पेटीत कोळिष्टके, आणि घरच्यांचे "आम्ही म्हटलंच होतं!" हे ऐकून घेणे नशिबी.

असे का होते? पेटी वाईट असते म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ती चुकीच्या माशीसाठी, चुकीच्या जागी घेतलेली असते. चप्पल घेताना आपण आधी पाय बघतो ना? तसेच पेटी घेताना आधी माशी बघायची, मग फुले, मग जागा, मग आपल्या हातातला वेळ. लाकडाची पारख सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलेली बाई फसते.

तेव्हा मैत्रिणींनो, पेटीच्या किमतीची चौकशी करण्याआधी एवढे वाचाच.

माश्या पाच, पेटीत राहणाऱ्या तीन

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्या मुख्यतः पाच प्रकारच्या.

पहिली आग्या. पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या सज्जाला, वडा-पिंपळाच्या फांदीला जे भले मोठे काळसर पोळे लोंबते ते हिचे. मध भरपूर करते, पण रागीटही तेवढीच. दुसरी फुलोरी. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढे इवलेसे पोळे करणारी. या दोघी उघड्यावर एकच पोळे बांधतात. चार भिंतींच्या आत राहणे त्यांच्या स्वभावातच नाही. त्यामुळे "आमच्या गॅलरीवर आग्या मोहोळ बसलंय, ते पेटीत भरून देता का?" या प्रश्नाचे उत्तर एकच: नाही. आग्या पेटीत राहत नाही, कोणी कितीही सांगो.

तिसरी सातेरी. ही आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, वारुळाच्या पोकळीत अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. नावातले सात हे त्या पोळ्यांवरूनच आले असे सांगतात. अंधारात राहायची सवय असल्यामुळे ती पेटीत रमते.

चौथी मेलिफेरा. हिला आपल्याकडे इटालियन माशीही म्हणतात. ही परदेशातून आली. १९६२ च्या सुमारास पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कांगडा भागातल्या नगरोटा येथे ती यशस्वीपणे रुजवली आणि तिथून ती देशभर पसरली. अंगाने सातेरीपेक्षा मोठी, कुटुंब मोठे, भूकही मोठी.

पाचवी अगदी चिमुकली, काळी, डंख न मारणारी. भिंतीच्या फटीत, विजेच्या खोक्यात, जुन्या दाराच्या चौकटीत मेणाची बारीक नळी काढून राहते. तिला कोणी पोया म्हणतात.

म्हणजे निवड करायची ती या शेवटच्या तिघींतून. आणि तिघींची घरे तीन तऱ्हेची.

अर्ध्या बोटाच्या अंतराची करामत

पेटीच्या किमतीत फरक का असतो, एक पेटी चालते आणि दुसरी का चालत नाही, हे कळायला एक छोटी गोष्ट समजून घ्यायला हवी.

अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाचे एक धर्मोपदेशक होते. १८५१ साली त्यांनी एक गंमत हेरली. पेटीत दोन वस्तूंमध्ये सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या अर्ध्या जाडीइतकी फट ठेवली, तर माश्या ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. जास्त जागा ठेवली की तिथे पोळे बांधून टाकतात. फारच कमी ठेवली की राळेने चिकटवून बुजवतात. ही फट साधली आणि सुट्या चौकटींची पेटी तयार झाली. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळेच कापायचे. आता पोळ्याची चौकट कपाटातल्या पुस्तकासारखी अलगद वर घ्यायची, यंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामे पोळे माश्यांना परत द्यायचे. माश्यांचे कष्ट वाचतात, पिल्ले मरत नाहीत, मध स्वच्छ निघतो.

चांगल्या पेटीचे सारे मर्म या फटीत आहे. सातेरी अंगाने लहान, म्हणून तिच्या पेटीतल्या फटी आणि दोन पोळ्यांमधले अंतर मेलिफेरापेक्षा कमी. गल्लीतल्या सुताराने अंदाजपंचे ठोकलेली पेटी दिसायला हुबेहूब असेल, पण पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडला की माश्या सगळ्या चौकटी एकमेकींना जोडून टाकतात. मग एक चौकट काढायला गेले की तीन तुटतात, मध सांडतो, माश्या खवळतात आणि मुंग्यांची जत्रा भरते.

सातेरीची पेटी: बहुतेकींना हीच

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी देशी माशीच्या अंगाला बेतून लहान पेटी तयार केली. तीच ही न्यूटन पेटी. पुढे भारतीय मानक संस्थेने पेट्यांची मापे ठरवून दिली, त्यात दोन प्रकार आले. 'ए' प्रकार न्यूटनच्या पेटीवर आधारलेला. त्याची चौकट आतून २१० बाय १४५ मिलिमीटर. 'बी' प्रकार नैनितालजवळच्या ज्योलीकोटच्या पेटीवर बेतलेला. त्याची चौकट ३०० बाय १९५ मिलिमीटर. डोंगराळ थंड भागात देशी माशीची कुटुंबे मोठी असतात, त्यांना 'बी' पुरते. आपल्या हवेत 'ए'च योग्य. लहान कुटुंबाला मोठे घर दिले तर कोपरे रिकामे राहतात, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात मेणकिडा शिरतो. संसाराला बेताचे घर बरे, हे माश्यांनाही लागू आहे म्हणायचे!

या पेटीचे भाग लक्षात ठेवायला सोपे. खाली तळपाट. त्यावर पिल्लांची कोठी, तीत साधारण आठ चौकटी. त्यावर अर्ध्या उंचीची मधाची कोठी. मग आतले झाकण आणि वर पत्रा मारलेले छप्पर. मध काढायचा तो फक्त वरच्या कोठीतला. खालची कोठी राणीची आणि पिल्लांची, तिथे हात घालायचा नाही.

आपल्यासारखीला या पेटीचा मोठा फायदा म्हणजे वजन. मधाची भरलेली कोठीही एकटीने आरामात उचलता येते. सातेरी स्वभावाने त्यातल्या त्यात शांत. घरापासून एक-दीड किलोमीटरच्या टापूत मिळेल त्या फुलांवर ती भागवते. परसातली तुळस, शेजारचा शेवगा, रस्त्यावरचा करंज, कशालाही नाही म्हणत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. एक, मध कमी. फुलोरा चांगला असेल तर वर्षाला पाच ते आठ किलो, क्वचित दहा. दुसरे, ती मानी आहे. मुंग्यांचा जाच झाला, उपासमार झाली, कोणी सारखी झाकणे उघडून बघितली, की एके दिवशी सारे कुटुंब पेटी सोडून चालते होते. तिसरे, साथ. १९९१-९२ मध्ये पिल्लांच्या एका विषाणूजन्य रोगाने केरळ आणि आसपास सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या. म्हणून ओळखीच्या, निरोगी ठिकाणाहूनच वसाहत घ्यावी.

सह्याद्रीचा पट्टा आणि कोकण ही सातेरीची हक्काची माहेरे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, ते या माशीच्या जोरावरच. तिकडच्या जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा मध आपण मोठ्या कौतुकाने आणतो. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. त्या वर्षी पेट्या भरून वाहतात.

मेलिफेराची मोठी पेटी: धंदा करणारीसाठी

मेलिफेराला लागते लँगस्ट्रॉथ पेटी. दहा मोठ्या चौकटी, तीस-चाळीस हजार माश्या, हंगामात त्याहूनही जास्त. मध विचाराल तर नीट सांभाळलेल्या पेटीला वर्षाला २५ ते ४० किलोपर्यंत. आकडा वाचून डोळे चमकले ना? थांबा. त्यापुढची अट वाचा.

एवढ्या मोठ्या कुटुंबाला एका गावातली फुले वर्षभर पुरत नाहीत. म्हणून पेट्या फिरवाव्या लागतात. सूर्यफूल फुलले की तिकडे, तीळ-कारळा आला की दुसरीकडे, ओवा, धणे, बाजरी, मोहरी अशी पिकामागून पिके गाठायची. मेलिफेरा पाळणारे लोक रात्री पेट्यांची दारे बंद करून ट्रकमध्ये चढवतात आणि परराज्यांतही जातात. हे सगळे केले तर २५-४० किलो. पेटी एका जागी ठेवून दिली तर फुलोरा संपला की साखरेच्या पाकावर जगवावी लागते, आणि साखरेचा खर्च मधापेक्षा चढतो.

शिवाय तिच्या अंगावर वाढणारी व्हरोआ नावाची गोचिडीसारखी कीड वेळच्या वेळी आवरावी लागते. आणि वजन! पूर्ण उंचीची कोठी मधाने भरली की तीस किलोच्या वर जाते. कंबरेचे दुखणे असलेल्या बाईने याचा विचार आधी करावा.

मात्र शेतावर राहणारी, घरात हाताखाली माणसे आणि वाहन असलेली एखादी जिद्दीची बाई असेल, तर तिने ही पेटी जरूर घ्यावी. डाळिंबाच्या बागेत किंवा कांद्याच्या बीजोत्पादनाच्या शेतात परागीभवनासाठी या पेट्या भाड्यानेही जातात. मधाखेरीज ती वेगळी मिळकत. एकच सूचना, सातेरी आणि मेलिफेरा शेजारी शेजारी ठेवू नयेत. टंचाईच्या दिवसांत एक दुसरीचा मध लुटते, आणि मार खाते ती बहुधा सातेरी.

डंख नसलेलीची इवली पेटी

"आमच्याकडे लहान मुलं आहेत, सासूबाई घाबरतात, जागा म्हणाल तर चार फुटांची गॅलरी." असे म्हणणारीने पोयाची पेटी बघावी. एखाद्या जाड पुस्तकाएवढी लाकडी पेटी, पुढे बारीक भोक, बस्स. केरळात हिला बांबूच्या नळीत, मातीच्या मडक्यात, नारळाच्या करवंटीतही पाळतात.

हिच्या पेटीत चौकटी नसतात. ही उभी पोळी बांधतच नाही. मेण आणि राळ मिसळून द्राक्षाच्या घडासारखी मधाची बुधली करते. त्यामुळे मध यंत्राने निघत नाही, बुधली टोचून निथळून घ्यावा लागतो. पेटी दोन कप्प्यांची असली तर पिल्लांना धक्का न लावता मधाचा कप्पा वेगळा उघडता येतो. घेताना ते बघा.

मध वर्षाला पाव-अर्धा किलो, फार तर किलोभर. चवीला आंबूस, पातळ. म्हणजे विक्रीचा विचार सोडूनच द्यायचा. पण गच्चीवर काकडी, मिरची, कारले लावणारीला फळधारणेत फरक दिसतो, आणि मुलांना घरबसल्या निसर्गाचा धडा मिळतो, हे काय थोडे?

माठ, ओंडका आणि इतर

काही ठिकाणी आजही देशी माशी माठात किंवा पोकळ ओंडक्यात पाळतात. काश्मीर, हिमाचलमध्ये तर घराच्या भिंतीतच तिच्यासाठी कोनाडा ठेवतात. खर्च जवळजवळ नाही, माश्याही खूश. पण मध काढायचा तर पोळे कापावे लागते आणि आत आजार आहे की नाही ते दिसत नाही. रानातून निघालेली वसाहत आपसूक येऊन बसावी यासाठी माठ उत्तम. कायमचे घर म्हणून नव्हे.

दुसरा प्रकार पट्ट्यांच्या पेटीचा. १९७० नंतरच्या दशकात केनियात तो रूढ झाला. लांबट, खाली निमुळत्या खोक्यावर नुसत्या लाकडी पट्ट्या मांडायच्या. माश्या त्यांना पोळी लोंबत बांधतात. चौकटी नाहीत, मेणाचा पत्रा नाही, मध काढायचे यंत्रही नाही. पोळे कापून, कुस्करून गाळायचे. सुतारकाम सोपे, फक्त पट्टीची रुंदी माशीच्या अंतराला जुळायला हवी. कमी भांडवलावाल्या बाईला हा प्रकार आवडतो. पण दर वेळी पोळे नवे बांधावे लागते, आणि मेण करायला माश्यांना मधच खर्ची घालावा लागतो. म्हणून मध कमी. त्यातून आपला उन्हाळा! आधार नसलेले मऊ पोळे उन्हात सहज तुटून पडते. दाट सावली असेल तरच या वाटेला जावे.

आणि ती नळाची पेटी? २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या बापलेकांनी काढलेली ही पेटी. किल्ली फिरवली की आतली प्लॅस्टिकची घरे सरकतात आणि मध थेट बाटलीत येतो. चित्रफिती पाहून अनेकींना ती हवीशी वाटते. ती मेलिफेराच्या मापाची आहे, महाग आहे, आणि किल्ली फिरवण्यापलीकडची सगळी देखभाल तिलाही लागतेच. सातेरी पाळणारीने तिचा नाद करू नये.

तुमचे घर यातले कोणते?

*मोठ्या शहरात, इमारतीत राहणारी.* गच्ची सगळ्यांची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर पोयाची एक पेटी घ्या. परवानगी आणि सावली दोन्ही असतील तर सातेरीची एक. गॅलरीत सातेरी नको; रात्री दिव्यावर माश्या घरात येतात आणि वरच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे पिवळ्या ठिपक्यांनी डागाळतात. त्यावरून होणारी भांडणे मधाने गोड होत नाहीत!

*तालुक्याच्या गावी, परसदार असलेली.* तुमच्यासाठी सातेरीची 'ए' पेटी. एक नव्हे, दोन घ्या. एकीची राणी मेली किंवा कुटुंब अशक्त झाले, तर दुसरीतली पिल्लांची चौकट देऊन सावरता येते. दोनपेक्षा जास्त मात्र पहिल्या वर्षी नकोत.

*कोकणातली, माडा-पोफळीत राहणारी.* नारळ बाराही महिने फुलतो, म्हणजे तुमच्याकडे फुलांची ददात नाही. सातेरी आणि पोया दोन्ही ठेवा. काळजी घ्यायची ती पावसाची. पेटी ओट्यावर किंवा पागोळ्या पडणार नाहीत अशा पडवीत, पुढच्या बाजूला किंचित उतार देऊन ठेवा.

*विदर्भ-मराठवाड्यातल्या उष्ण भागातली.* पारा चाळिशीच्या पुढे जातो तिथे पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या उघड्या गच्चीवर पेटी ठेवणे म्हणजे माश्या भाजून काढणे. चिंच, कडुलिंबाची सावली आणि जवळ पाणी असेल तर सातेरी. शेती मोठी असून तेलबियांची पिके असतील आणि घरच्यांची साथ असेल, तर प्रशिक्षण घेऊन मेलिफेरा.

*आणि जिच्या अवतीभवती कपाशी किंवा भाजीपाल्यावर सारखी औषधे फवारली जातात ती?* तिने पेटी घेऊ नये. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण फवारणीच्या सकाळी मरून पडलेल्या माश्यांचा सडा बघण्यापेक्षा बरे. शेजारी शेतकरी फुलोऱ्यात फवारणी टाळायला किंवा माश्या परतल्यावर संध्याकाळी करायला तयार झाला, तर पुन्हा विचार करावा.

पेटी घेताना पारखून घ्या

- 'कोणत्या माशीची? कोणत्या प्रकारची?' हा पहिला प्रश्न. विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर पुढच्या दुकानात जा.
- एक चौकट सगळ्या जागी घालून बघा. ती सैल डुगडुगायला नको, अडकायलाही नको. दुसऱ्या पेटीची चौकटही हिच्यात बसली पाहिजे. म्हणून सगळ्या पेट्या एकाच ठिकाणच्या घ्याव्यात.
- लाकूड वाळलेले, हलके, उग्र वास नसलेले हवे. ओले लाकूड पावसात फुगते, उन्हात चिरते. रंग द्यायचा तो बाहेरून. आतून कधीही नाही.
- मेणाचा पत्रा सातेरीचा वेगळा, मेलिफेराचा वेगळा. षटकोनी घरांच्या मापात फरक असतो. एकीचा दुसरीला चालत नाही.
- पेटीबरोबर स्टँड, तोंडावरची जाळी, धूर करायचे भांडे, चौकट सोडवायची पटाशी यांचाही हिशेब धरा. मधाचे यंत्र मात्र लगेच घेऊ नका. चार-पाच जणींनी मिळून किंवा बचतगटाने एक घेतले तरी पुरते.
- रिकामी पेटी आणि माश्यांसह पेटी यांत फरक आहे. वसाहत घेताना राणी आहे ना, अंडी-पिल्ले आहेत ना, हे जाणकाराकडून बघून घ्या. हंगाम पावसाळा सरल्यावरचा, दिवाळीच्या सुमाराचा. पुढे फुले असतात, माश्यांना बाळसे धरायला वेळ मिळतो.

जागा निवडताना पेटीचे तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, दुपारची सावली, उंची दोन-अडीच फूट. स्टँडच्या पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत; आपण फडताळाच्या पायांखाली ठेवायचो तशाच. जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात बसायला चार खडे. आठवड्या-दहा दिवसांनी एकदा उघडून बघायची, रोज नाही. जून ते सप्टेंबर फुले कमी, तेव्हा समभाग साखर-पाण्याचा पाक द्यायचा. पण वर मधाची कोठी असताना पाक कधीही देऊ नये. त्या कोठीत साठेल ती साखर, मध नव्हे.

डंख, शेजार आणि मुले

डंख बसणारच नाही असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पेटी उघडताना फिकट रंगाचे, अंगभर सुती कपडे घाला, गजरा आणि अत्तर टाळा, हालचाल सावकाश करा. डंख बसला तर नखाने खरवडून काटा लगेच काढा, थंड पाणी किंवा बर्फ लावा. थोडी सूज येतेच. परंतु अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास जड झाला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका. रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा. घरात कोणाला आधी असा त्रास झाला असेल तर सातेरी किंवा मेलिफेरा घेऊच नये.

शेजाऱ्यांना आधी सांगा. माश्यांच्या जाण्यायेण्याची वाट कोणाच्या दारासमोरून नको. पेटीसमोर सहा-सात फुटांवर कुंपण किंवा वेल चढवला की माश्या उंचावरून उडतात आणि माणसांच्या वाटेत येत नाहीत. पहिला मध निघाला की शेजारी एक वाटी पाठवायला विसरू नका.

आणि एक फार महत्त्वाचे. घरचा, शुद्ध, कितीही चांगला मध असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नये. मधात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात. आजीबाईंनी घुटीत मध सांगितला तरी इथे डॉक्टरांचेच ऐकावे.

हिशेब रोख ठेवा

पहिल्या वर्षी मध मिळेलच असे नाही. माश्या घर बांधण्यात गुंतलेल्या असतात. दुसऱ्या वर्षी दोन सातेरीच्या पेट्यांतून दहा-पंधरा किलो मिळाला तर तुमचे उत्तम चालले आहे असे समजा. वर्षभराचा घरचा मध, माहेरी-सासरी द्यायच्या बाटल्या आणि थोडी विक्री, एवढे त्यात बसते. विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. यावर संसार चालत नाही. पण घरबसल्या आपल्या हाताने कमावलेल्या पैशांची चव काय असते, ते कमावणारीलाच माहीत.

शिकल्याशिवाय मात्र पेटी आणू नये. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. दोन्हीकडे प्रशिक्षण मिळते. सरकारी योजनांतून पेट्यांवर अनुदानही मिळते. सध्या काय अटी आहेत ते जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात विचारून घ्या. पैसे भरण्याआधी एखाद्या मधपाळाच्या पेटीजवळ अर्धा तास उभ्या राहून बघा. भीती वाटते की कुतूहल, याचे उत्तर तिथेच मिळेल.

तर येत्या रविवारी एवढेच करा. सकाळी नऊच्या सुमारास घराभोवती एक फेरी मारा. कोणती झाडे फुलली आहेत, त्यांवर कोणत्या माश्या येतात, हे वहीत लिहून ठेवा. असे बारा महिने जमले नाही तरी तीन-चार महिने लिहा. आपल्या दारी कोणाचे घर शोभेल, ते ही वहीच तुम्हाला सांगेल.